पडायचा मान

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एका धडधाकट माणसाला स्टेजवर बोलावतात आणि सगळ्यांसमोर आपटतात. आपटणारी बाई असते. आपटून कुणी घ्यायचं यावरून महिनाभर आधीपासून भांडणं चालतात, रुसवेफुगवे होतात. एका वर्षी तर दोन सख्खे भाऊ विसर्जनापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. चिंचपोकळीच्या पुलाच्या आसपास ज्यांचा जन्म गेला त्यांना यात विचित्र असं काही वाटत नाही. आमच्याकडे त्याला 'पडायचा मान' म्हणतात.

आपटणारी बाई म्हणजे आमची ताई. ती ज्युदोची चॅम्पियन. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी, जुन्या चाळीत आमच्या खोलीला लागूनच तिची खोली. मी शाळेत पाढे पाठ करत होते तेव्हा ती परदेशातल्या स्पर्धेतून सोन्याचं पदक घेऊन आली. उघड्या टेम्पोत तिला उभी केली होती, पुढे बेंजो, आणि गुलाल इतका की पदक सोन्याचं की तांब्याचं ते कळायला मार्ग नव्हता. गिरण्यांना टाळी लागलेली ती वर्षं. पेढे वाटावेत असं कुणाच्याच घरी काही घडत नव्हतं. त्यामुळे तिचं सोनं सगळ्या विभागाने आपापसात वाटून घेतलं आणि ते आजतागायत परत केलेलं नाही.

खेळाडूचं नाव रद्दीवाला येईपर्यंत टिकतं, असं माझे वडील म्हणत. ताईच्या बाबतीत ते साफ चुकले. तिच्यानंतर किती पदकवाले आले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या, आज त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही. पण ताईसोबत लालबागच्या मार्केटात जाऊन बघा. कोळीण तिच्यासाठी सुरमईचा मधला भाग फडक्याखाली झाकून ठेवते. मसाला कुटणारा स्वतःहून चाळणी दोनदा मारतो. पुलाखालच्या सलूनमध्ये आरशाच्या एका बाजूला सिनेमातला हिरो आणि दुसऱ्या बाजूला ताई, अशी तसबिरींची मांडणी आहे, आणि सलूनवाल्याने आतापर्यंत हिरो चार बदलले. ताई तीच. माझगावला गोदीतल्या ऑफिसात ती खेळाडूंच्या कोट्यातून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. तिच्या निरोपाच्या दिवशी टॅक्सीवाल्याने घरापर्यंत भाडं घेतलं नाही, वर स्वतःच दार उघडून दिलं.

यात फक्त एकच गोची आहे. सगळा विभाग तिला 'कराटेताई' म्हणतो.

सुरुवातीची काही वर्षं तिने प्रत्येकाला थांबवून सांगितलं की बाबा रे, मी कराटे खेळत नाही, ज्युदो खेळते, त्यात लाथा मारत नाहीत, विटा फोडत नाहीत, समोरच्याला धरून खाली घालतात. लोक मनापासून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तेच ते." आता तिने नाद सोडलाय. मंडळाच्या फ्लेक्सवर दरवर्षी तिच्या फोटोमागे आगीच्या ज्वाळा आणि एक फुटकी वीट असते. मी एकदा फ्लेक्सवाल्याला झापलं, तर म्हणाला, "मॅडम, वीट काढली तर पब्लिकला समजणार कसं, की ही आपली ताई?" त्याचं बरोबर होतं.

तिने चोराला पकडल्याची गोष्ट तर मी इतक्यांकडून ऐकली आहे की मीच तिथे हजर होते असं मला हल्ली वाटतं. मार्केटच्या कोपऱ्यावर कुणाची तरी चेन खेचून पळणाऱ्याला तिने एका हाताने उचलून आपटला. माझ्या लहानपणी तो एक चोर होता. माझ्या लग्नापर्यंत त्याचे तीन झाले. आता आमच्या टॉवरमधली पोरं सांगतात की पाच जण होते आणि दोघांकडे चाकू होते. ताईला विचारलं तर ती म्हणते, "एकच होता गं. तोही पिऊन तर्र. माझ्यापर्यंत यायच्या आधीच तो पडला, मी नुसती त्याच्या पाठीवर बसले."

आणि या सगळ्या गोष्टींच्या वर एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही कारण ती सगळ्यांनी धरूनच चाललेली असते. आमच्या ताईला आजवर कुणी पाडलेलं नाही. देवळात देव आहे हे जसं, तसं.

पडायचा मान यातूनच सुरू झाला. पदकाच्या वर्षी गणपतीत सत्कार ठेवला होता, दादरच्या फुलबाजारातून भलामोठा हार आणला होता, आणि शाल-श्रीफळ झाल्यावर कुणीतरी ओरडलं, "ताई, एक करून दाखव!" ताईने समोर बघितलं. व्यायामशाळेतला सगळ्यात दांडगा गडी पहिल्याच रांगेत होता. तिने त्याला वर बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या क्षणी तो गडी हवेत होता. खाली पडला, हाताने धाडकन सतरंजीवर आवाज केला, आणि हसत उठला. त्या गड्याचं त्याच वर्षी पोर्टात काम झालं आणि लग्नही जमलं. झालं! पुढच्या वर्षी मला पाड, मला पाड म्हणून रांग लागली. तेव्हापासून मंडळाची मीटिंग बसते आणि यंदा मान कुणाचा ते ठरतं. दहावीला चांगले मार्क मिळवलेला, नोकरी लागलेला, नवा जावई. ज्याला मान मिळतो त्याला ताई आदल्या आठवड्यात खाली बोलावून पडायला शिकवते, हनुवटी छातीला, हात बाजूला, श्वास सोडायचा. त्यामुळे आमच्या विभागात पन्नाशीचे, साठीचे असे कितीतरी पुरुष आहेत ज्यांना बाकी काही येवो न येवो, पडता उत्तम येतं.

माझा नवरा गिरगावचा. तीन पिढ्या कारकुनी, घरात सगळे 'आपण बसावं, आपण चहा घ्यावा' असं बोलणारे. लग्नाच्या वर्षी त्याला जावई म्हणून मान मिळाला. तो सिल्कचा झब्बा घालून आला, कारण सत्कार आहे एवढंच त्याला कळलं होतं. शिकवणीच्या संध्याकाळी साहेब ऑफिसात ओव्हरटाइम करत होते. स्टेजवर गेल्यावर तो ताईला नमस्कार करून म्हणाला, "अहो ताई, मला वाटतं काहीतरी गैरसमज—" आणि वाक्य हवेतच राहिलं. तोही. झब्बा काखेत फाटला. तरी तो अजून कपाटात आहे आणि पाहुण्यांना दाखवला जातो.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की गेल्या वर्षी जे झालं ते कळावं.

चाळ पाडून टॉवर झाला. चौदाव्या मजल्यावर आईला खोल्या मिळाल्या, वडील गेल्यानंतर मी आणि नवरा तिच्यासोबत राहायला आलो. नवऱ्याला घरजावई म्हणून चिडवायचा हक्क सगळ्या बिल्डिंगने बजावून घेतलाय. आई मालवणकडची, लग्न होऊन या चाळीत आली आणि जिन्यांवर, गॅलऱ्यांत, नळावर तिचं आयुष्य गेलं. पंचाहत्तरी उलटली तरी कोथिंबीर स्वतः जाऊन निवडून आणणार, पुड्यात बांधून दिलेली चालायची नाही. टॉवरची लॉबी मात्र तिला कधी मानवली नाही. लादी इतकी चकचकीत की त्यात पदर नीट करता येतो.

एका दुपारी ती त्या लादीवर घसरून पडली. मनगट मोडलं. पण मनगटाचं काही नाही. वॉचमन मागच्या गेटला होता, आम्ही ऑफिसात, आणि ती बराच वेळ तशीच उताणी पडून वरच्या झुंबराकडे बघत राहिली. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हाक मारली, कुणी आलं नाही. चाळीत असती तर पडायच्या आधीच चार जणींनी धरली असती.

हाड जुळलं. प्लास्टर निघालं. आई मात्र खुर्चीतून उठेना. आधी म्हणाली, आज नको, उद्या. मग बाथरूमला जातानाही काठी आणि वर माझा हात. मग जेवण खुर्चीतच. कोथिंबीर मी आणायला लागले आणि तिने ती कशी आहे हे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पायांना काही झालेलं नाही, पण अशाच बसून राहिल्या तर होईल, आणि मग अंथरूण. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी फार गोड होती. आई तिला चहा पाजायची, तिच्या लग्नाची चौकशी करायची आणि व्यायाम उद्यावर ढकलायची.

मी रागवले, रडले, एकदा तर तिच्यावर ओरडलेही. तिचं एकच, "माका नाय जमूचा."

शेवटी मी ताईकडे गेले. ती आमच्याच टॉवरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एकटी राहते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून स्टेजवरची तिची फेक तशी नावालाच. पोरं तिला सांभाळून स्वतःच उडी मारतात, हे सगळ्यांना दिसतं आणि कुणी बोलत नाही. मी तिला म्हटलं, "तूच सांग तिला. तुझं ऐकेल ती." माझी खात्री होती, कारण आईच्या मते ताईचं पदक अर्धं आईचंच आहे. परदेशी जायच्या आधीच्या दिवसांत ताईला वजन कमी ठेवायचं होतं, नाहीतर स्पर्धेतूनच बाद. आईला ते भयंकर वाटायचं. "उपाशी खेळतली कशी पोर?" असं म्हणून ती तिला बांगड्याचं कालवण आणि भात वाढायची, आणि ताईला नाही म्हणता यायचं नाही. मग ताई भर मे महिन्यात दोन स्वेटर चढवून चाळीचे जिने वरखाली पळायची आणि तिच्यामागे आम्ही सगळी पोरं. आईला अजूनही वाटतं की सोनं कालवणामुळे आलं.

ताई आली, आईच्या खुर्चीसमोर सरळ जमिनीवर बसली. गुडघा लांब ठेवून.

"काकी, चल, खाली बस माझ्याजवळ. जमिनीवरून उठायचं कसं ते दाखवते. तेवढं आलं की भीती जाते."

आईने तिच्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. माया होतीच, पण त्यात पहिल्यांदाच थोडा रागही होता.

"तुका काय जाता सांगूक?" आई म्हणाली. "तू खंय पडलंस कधी? जिका कोणी पाडूक नाय, तिका पडण्याचा भय काय कळतला?"

ताई हसायला लागली. "काकी, अगं मी किती वेळा पडले असेन! रोज पडायचे. पडण्यातच तर सगळी वर्षं गेली."

"माका फसव नको," आई म्हणाली आणि तिने तोंड खिडकीकडे केलं.

तिला खरंच पटेना. ताईने मानेवरची जुनी खूण दाखवली, मोडलेलं बोट दाखवलं. पदकाच्या स्पर्धेतसुद्धा आधीच्या लढतीत आपण कसे सपशेल खाली गेलो होतो आणि जेमतेम वाचलो ते सांगितलं. आई ऐकत होती आणि मान हलवत होती, पोरगी मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे अशी. इतक्या वर्षांच्या फ्लेक्सनी, सलूनच्या तसबिरींनी आणि पाच चोरांनी मिळून ताईची जी मूर्ती घडवली होती, ती आता आई आणि ताईच्या मधे येऊन बसली होती. मला ताईची कीव आली. अख्ख्या विभागाने तिला डोक्यावर घेतलं आणि तिच्या आयुष्यात तिने जे सगळ्यात जास्त केलं तेच कुणी खरं मानायला तयार नव्हतं.

लिफ्टपर्यंत मी तिला सोडायला गेले.  लिफ्टचं दार उघडल्यावर ती म्हणाली, "यंदा मान माझा."

मला काही कळलं नाही.

"पडायचा. आणि पाडायचा काकीचा."

मंडळाच्या मीटिंगमध्ये काय गोंधळ झाला तो विचारू नका. सेक्रेटरी म्हणजे तोच पहिल्या वर्षीचा दांडगा गडी, आता केस पांढरे आणि पोट पुढे. त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी मूर्तीच आणायची नाही म्हटलं. "ताई, तुम्ही पडायचं? स्टेजवर? लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे." मग त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही पडलात तर आम्ही सगळे इतकी वर्षं कशासाठी पडलो?"

ताई शांतपणे म्हणाली, "तुला पडायला कुणी शिकवलं रे?"

"तुम्ही."

"मग मला कुठून येत होतं?"

त्याने मंडळाची वही पुढे ओढली आणि यंदाच्या मानापुढे ताईचं नाव लिहिलं. 

आईला राजी करणं त्याहून कठीण जाईल असं वाटलं होतं, पण ताई माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त ओळखते. आमच्याकडे मानाचं आमंत्रण तोंडी देत नाहीत. घरी जाऊन हळदकुंकू लावायचं आणि हातात सुपारी ठेवायची. सुपारी हातात घेतली की नाही म्हणता येत नाही, मग घरात कुणी आजारी असो की बाहेर पाऊस पडो. ताई नवी साडी नेसून, ताट घेऊन आली, आईला कुंकवाऐवजी बुक्का लावला, तिच्या पाया पडली आणि सुपारी तिच्या तळव्यावर ठेवली. आईने सवयीने मूठ मिटली. मग तिला कळलं काय झालं ते.

"अगो, मी खंय तुका पाडतलंय? माका धड उभा ऱ्हवाक येणा नाय!"

"मग शिकायला हवं," ताई म्हणाली. "अजून तीन आठवडे आहेत."

नवरा आतून म्हणाला, "सासूबाई, मुंबईत सुपारी घेतली की काम पूर्ण करावंच लागतं हं." आई कित्येक दिवसांनी हसली.

रोज संध्याकाळी ताई वर यायची. पाडायला काय लागतं? आधी उभं राहावं लागतं. मग एक पाऊल पुढे. मग वळावं लागतं. एवढंच ती करून घ्यायची. व्यायाम हा शब्दसुद्धा कुणी काढला नाही. आई दमली की दोघी चहा प्यायच्या आणि चाळीतल्या मेलेल्या माणसांच्या चहाड्या करायच्या. दुसऱ्या आठवड्यात आई खुर्चीपासून गॅलरीपर्यंत जाऊ लागली, पण काठी काही सुटेना. ताई सांगायची, कॉलर दोन्ही हातांनी धरायची. आई एका हाताने कॉलर धरायची आणि दुसऱ्या हातात काठी.

"काठी असताना पाडता येत नाही, काकी."

"मगे तू आपलीच पड खोटी खोटी."

"खोटं पडता येत नाही गं. जमीन खरीच असते."

मी ताईला एकटीला गाठून विचारलं, तुझ्या गुडघ्याचं काय? ती म्हणाली, "पडताना पाठ लागते, गुडघा लागत नाही. गुडघा लागतो उठताना." आणि विषय बदलला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खाली पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीत, पाय ठेवायला जागा नव्हती. यंदा काहीतरी वेगळं आहे ही बातमी पुलापलीकडेसुद्धा गेली होती. सलूनवाला दुकान बंद करून आला होता, कोळीण नाकात मोत्याची नथ घालून पहिल्या रांगेत. व्यायामशाळेतल्या गाद्या स्टेजवर टाकून वर सतरंजी अंथरली होती. आईला मी आणि नवऱ्याने वर चढवलं आणि आम्ही खाली येऊन उभे राहिलो. तिने माझ्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती आणि काठी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. ढोल थांबला.

ताई आली. तो जाड पांढरा डगला आणि काळा पट्टा, केस आता डगल्यासारखेच पांढरे. टाळ्या, शिट्ट्या, "कराटेताई!" अशा आरोळ्या. तिने माईक घेतला नाही. आईसमोर उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला, जसा ती आयुष्यभर समोरच्या खेळाडूला करत आली तसा. मग दोन्ही हात खाली सोडून नुसती उभी राहिली.

आईने डाव्या हाताने कॉलर धरली. उजव्यात काठी.

 ताई वाट बघत राहिली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मला माहीत होतं की नाही. आई ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग सतरंजीकडे, मग परत ताईकडे. मला धावत वर जावंसं वाटलं. नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला.

काठी पडल्याचा आवाज आला. आईने ती सोडली होती, टाकली नव्हती. हात उघडला आणि ती पडली. मग त्या हाताने तिने दुसरी कॉलर पकडली, एक पाऊल पुढे टाकलं, वळली, आणि ओढलं.

ताई पडली.

मी तिच्या फेकी वर्षानुवर्षं बघितल्या आहेत. तिचं पडणं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला कळलं की ती चॅम्पियन का होती. पूर्ण, मोकळी, काहीही राखून न ठेवता पडली. हाताचा आवाज लॉबीपर्यंत घुमला. आणि मग सगळ्या पोडियमवर चिडीचूप. कुठेतरी एक म्हातारा "अरे देवा" म्हणाला, तेवढंच. कोळणीने तोंडावर हात ठेवला होता. सेक्रेटरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

सगळे खाली पडलेल्या ताईकडे बघत होते. मी एकटी आईकडे बघत होते. स्टेजच्या मधोमध ती उभी होती. हातात काही नाही, बाजूला कुणी नाही. जांभळ्या साडीत, दोन्ही पायांवर.

ताई उठायला गेली आणि उठू शकली नाही. गुडघा वळेना. तिने एका बाजूला कूस घेतली, हात टेकला, परत खाली बसली. नाटक नव्हतं ते. तिच्या कपाळावर मला घाम दिसला. दोन पोरं पुढे धावली, तर आईने त्यांना नुसत्या नजरेने थांबवलं. मग ती ताईजवळ गेली. चार पावलं असतील, पाच असतील. वाकली.

"हात दी गो बाय," ती म्हणाली. माईक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "असाच होता. उठूक जमणा नाय, आणि वर नुसता झुंबर दिसता."

ताईने हात दिला. आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या पायावर. आईच्या हातात काय ताकद असणार, पण तिने पाय रोवले होते आणि ती हलली नाही. ताई उभी राहिली तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, आणि तशा टाळ्या सोन्याच्या वर्षीही झाल्या नव्हत्या, असं त्या वर्षी हजर असलेले लोक सांगतात. मी सांगू शकत नाही. मी रडत होते.

ताईची कीर्ती कमी होईल अशी सेक्रेटरीला भीती होती. उलटंच झालं. सलूनमध्ये तिच्या तसबिरीखाली आता आणखी एक फोटो आहे, ती सतरंजीवर पडलेली आणि माझी आई वाकलेली. पोरं एकमेकांना सांगतात की ताईला आजवर एकाच बाईने पाडलं. आईचं वजन आणि वय या गोष्टीत अजून तरी खरं सांगतात. पुढच्या गणपतीपर्यंत काय होईल ते माहीत नाही. फ्लेक्सवरची वीट मात्र आहे तशीच.

आई आता रोज सकाळी खाली जाते. काठी घेते, पण लॉबी ओलांडताना ती काखेत मारते. मागच्या रविवारी मी तिच्याबरोबर मार्केटात गेले होते. कोळणीने फडक्याखालून सुरमईचा मधला भाग काढला आणि आईपुढे ठेवला.

"आजी," ती भोवतालच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हीच ना त्या? कराटेताईला पाडलं ते?"

आईने सुरमई उचलून कल्ला बघितला. मग खाली ठेवली.

"पाडलंय खंय," ती म्हणाली. "ती पडली. माझ्यासाठी पडली."